फौजदाराची नवी टाकी

काच दारातून आत येत होती तेव्हा घरातले सगळे श्वास रोखून काचेकडे बघत होते. सिस्टर तेवढ्या हमालांच्या बुटांकडे बघत होत्या. फरशी सकाळीच पुसलेली, आणि आता दारापासून खिडकीपर्यंत चिखलाचे ठसे. पण त्या बोलल्या नाहीत. जावयाच्या घरी राहायला आल्यापासून न बोलण्याचा त्यांनी चांगलाच सराव केला होता.

हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभा जन्म काढला म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नोकरी संपली, नवरा गेला, गुडघे गेले, नाव मात्र चिकटून राहिलं. जिने चढणं जमेनासं झालं तेव्हा मुलीने त्यांना आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं. जावई म्हणाला, "आई, घर तुमचंच आहे." असं सगळेच जावई म्हणतात. घर सासूचं, पण पुढच्या खोलीतली खिडकी माशाची.

मासा म्हणजे फौजदार. लाल शेपटीचा, रुंद तोंडाचा, आणि मिशा अशा की दुसरं नाव सुचूच नये. जावयाने आणला तेव्हा बोटाएवढा होता. हा केवढा होतो हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. आता तो जावयाच्या अख्ख्या हाताएवढा झाला होता. जुन्या टाकीत वळायचं म्हटलं तर नाक एका काचेला घासायचं नि शेपूट दुसरीला, आणि पाठीला बाक यायला लागला होता. जावई लिफ्टमेकॅनिक. संध्याकाळी घरी आला की आधी फौजदारासमोर बसायचा, मग बायकोसमोर, आणि सिस्टरसमोर जमलंच तर. "अडकलाय बिचारा," तो म्हणायचा. अडकलेल्यांना बाहेर काढण्याचाच ज्याचा धंदा, त्याला हे बघवत नव्हतं. म्हणून ही पलंगापेक्षा लांब टाकी.

सिस्टरना ती खिडकी हवी होती. मागितली नव्हती, पण खुर्ची टाकून रस्ता बघत बसायला हवी होती. एकदा धाकट्या बहिणीला फोनवर त्या म्हणाल्या, "इथे माशाला माझ्यापेक्षा मोठी खोली मिळतेय बघ. मेला एकदाचा तर खिडकी तरी मोकळी होईल!" आणि वळून बघतात तो दारात जावई, त्यांच्यासाठी आणलेला चहाचा कप हातात. कप टेबलावर ठेवून निघून गेला. जावई सासूला पाण्यात पाहतो, असं आपण उगाच म्हणतो. त्या दिवसापासून मात्र तो टाकीसमोर बसला की सिस्टरना वाटायचं, याला त्या पाण्यात आता मीच दिसत असणार.

आणखी एक बारीकसं कुसळ होतं. थिएटरमध्ये डॉक्टरने काही सांगितलं की सिस्टरने ते मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच करायचं, हा नियम. डॉक्टर म्हणाला "कात्री", की सिस्टर म्हणणार "कात्री". सांगण्यात किंवा ऐकण्यात चूक असेल तर ती तिथल्या तिथे सापडते. ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. इथल्या पहिल्याच जेवणात जावई म्हणाला, "आई, मीठ द्या जरा." "मीठ," सिस्टर ठणठणीत आवाजात म्हणाल्या आणि मीठ दिलं. "थोडा भात वाढता?" "थोडा भात." जावयाचा चेहरा पडला. मागून स्वयंपाकघरात मुलगी कुजबुजली, "आई, त्याला वाटतंय तू त्याची नक्कल करतेस. घरात नको ना असं." सिस्टरनी कानाला खडा लावला. तेव्हापासून काही सांगितलं की त्या नुसती मान हलवत.

तर काच आली. लोखंडी स्टँडवर फोम अंथरला, त्यावर हमालांनी टाकी टेकवली, आणि लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईपर्यंत जावयाने काचवाल्याचं डोकं खाल्लं.

"साहेब, टाकी आहे ही, लिफ्ट नाही. कुठे जाणार नाही," काचवाला म्हणाला.

"वाकडी बसली तर सगळा भार एका कोपऱ्यावर येईल. मग जाईल बरोबर, शेजाऱ्यांच्या घरात."

काचवाला हमालांना घेऊन गेला आणि जावई नळ्या जोडायला बसला. स्टँडच्या पोटात एक छोटी टाकी होती, गाळणीची. वरचं पाणी तिच्यात उतरणार, स्पंजच्या जाड लाद्यांमधून जाणार आणि पंपाने पुन्हा वर चढणार. जुन्या गाळणीतले स्पंज त्याने बादलीत भिजत ठेवले होते. तो स्वतः स्टँड आणि भिंतीच्या फटीत शिरला होता, गोंद धरेपर्यंत दोन्ही हातांनी नळी दाबून. मुलगी औषधांच्या दुकानात ड्यूटीवर होती.

"आई," फटीतून आवाज आला, "बादलीतले स्पंज खालच्या टाकीत ठेवाल का?"

मीठ आणि भात सोडले तर या घरात त्याने त्यांना पहिल्यांदाच काही काम सांगितलं होतं. सिस्टरना इतकं बरं वाटलं की ओठापर्यंत आलेले शब्द त्यांनी घाईने गिळले आणि मान हलवली. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला मान दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

बादलीचं झाकण काढलं नि त्यांना शिसारी आली. स्पंज मुळातच काळे, त्यांच्यावर तपकिरी बुळबुळीत थर, आणि वास तुंबलेल्या मोरीचा. असलं काही त्या कोऱ्या, चकचकीत टाकीत घालायचं? सासूला घाणीत हात घालायला कसं सांगावं, म्हणून बिचारा धुवायचं बोलला नसेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग काय, अंगात वारं शिरल्यासारखं झालं. त्यांनी सगळ्यांत मोठं पातेलं चढवलं, स्पंज खळखळा उकळले, जंतुनाशकात बुडवले, वाहत्या पाण्याखाली पिळून पिळून त्यांचं पार नितळ पाणी काढलं. गुडघे बोंबलत असताना जमिनीवर बसून एकेक लादी खालच्या टाकीत रचली. जावई फटीतून बाहेर आला तेव्हा काळे स्पंज काळेच दिसत होते.

"ठेवलेत?"

सिस्टरनी मान हलवली.

"थँक्स, आई." आणि तो हसला. सिस्टर दोन दिवस त्या हसण्यावर तरंगत होत्या.

टाकी भरली. काचेचा एकही सांधा पाझरला नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध पडलं, आणि फौजदाराला ओल्या चादरीत धरून नव्या घरी नेलं. चादरीतूनच त्याने असा फटका दिला की मदतीला आलेला काचवाला कमरेपर्यंत भिजला. मग तो पाण्यात सुटला, एका दमात पार दुसऱ्या टोकाला गेला आणि वळला. कुठेही न घासता वळला. जावयाने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. ते सिस्टरनी पाहिलं, आणि खिडकीवरून जो राग होता तो त्यांना स्वतःलाच जरा कोता वाटला.

काही दिवस बरे गेले. मग फौजदाराने कोळंबी नाकारली. त्याच्यासारखा खादाड दुसरा नव्हता. त्याने कोळंबी नाकारणं म्हणजे काहीतरी बिनसलं होतंच. नेहमी तळाशी ठाण मांडून बसणारा हा गडी वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला. कल्ले लालभडक झाले. जावई काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचा. रंग पिवळा राहायला हवा होता. तो हिरवा व्हायचा, दर खेपेला आदल्या खेपेपेक्षा गडद. जावयाचं जेवण तुटलं. तो कामावरून मधेच घरी यायचा, बूटसुद्धा न काढता टाकीपाशी जायचा. मुलीने कंटाळून माहेरचं नाव काढावं, तर माहेर तिच्याच स्वयंपाकघरात भाजी चिरत बसलेलं.

सिस्टर दुरून बघत. त्यांनी पेशंट पुष्कळ पाहिले होते. मासा असो की माणूस, हा श्वास चांगला नव्हता.

मग एका दुपारी जावई कुणा मित्राशी फोनवर बोलत होता. "अरे, पाण्यात विष साचतंय, त्याच्याच घाणीचं. पण ते साचायलाच नको! जुने स्पंज जसेच्या तसे घातलेत ना मी. त्या बुळबुळीतले जिवाणू जिवंत आहेत तोवर ते खातात सगळं विष. मग हे येतंय कुठून? मला तर त्या काचवाल्याने सांध्यांत भरलेल्या सिलिकॉनचाच संशय आहे."

स्वयंपाकघरात सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. जिवाणू म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. जन्मभर त्यांनी त्यांनाच मारायचा पगार घेतला होता, आणि त्या कामात त्या वाकबगार होत्या. त्या पातेल्यातून एकही वाचलेला नसणार.

लगेच उठून सांगायला हवं होतं. उठल्याही. पण दारापर्यंत जाऊन परत आल्या. 'मेला एकदाचा तर खिडकी मोकळी होईल' हे वाक्य ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्याला आता काय सांगायचं? चुकून उकळले म्हणून? आपण त्याच्या जागी असतो तर विश्वास ठेवला असता का? नसता. मग या घरात राहायचं कुठल्या तोंडाने? बहिणीकडे जावं तर तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. एकदा वर चढलं की खाली येणं चार खांद्यांवरूनच. सिस्टर भाजी चिरत राहिल्या. थिएटरमध्ये चूक दडवणाऱ्या पोरींना त्यांनी फाडून खाल्लं होतं. आता त्या स्वतःलाच ओळखत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कामावर गेली आणि जावयाने काचवाल्याला बोलावून घेतलं. तो आल्या आल्या ठिणगी पडली.

"तुमच्या सिलिकॉनमध्ये विष आहे. साधं, बाथरूमचं वापरलंत तुम्ही!"

"साहेब, तोंड सांभाळून बोला. माझ्या दुकानातल्या सगळ्या टाक्या याच सिलिकॉनच्या आहेत. एक मासा मेला नाही."

"मग हा का मरतोय? ते काही नाही. टाकी आत्ता रिकामी करायची. याला पिंपात घालून तुमच्या दुकानात न्यायचं आणि सगळे सांधे कापून पुन्हा भरायचे."

"पिंपात?" काचवाल्याने फौजदाराकडे बघितलं. तो पाण्याच्या वरच्या कडेला तिरका लोंबत होता, मिशा लुळ्या पडलेल्या. "हा चौकापर्यंतसुद्धा टिकायचा नाही."

"इथे तरी कुठे टिकतोय!" जावयाने पाणी काढायची नळी उचलली.

सिस्टर आतल्या खोलीत पलंगावर बसून ऐकत होत्या. त्यांची बॅग भरलेली होती. ती त्यांनी पहाटेच भरून ठेवली होती. सांगायचं आणि निघायचं, असं ठरलं होतं, फक्त पाय उचलत नव्हते. पण हे जे चाललं होतं ते त्यांना असह्य झालं. चुकीचं निदान, चुकीचं ऑपरेशन, आणि ज्याचा दोष नाही तो माणूस शिव्या खातोय. त्या उठल्या, बॅग आणून दाराशी ठेवली आणि दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"नळी खाली ठेवा. त्यांच्या सिलिकॉनला काही झालेलं नाही. स्पंज मी उकळले."

जावयाला कळेना. "कुठले स्पंज?"

"बादलीतले. खाली ठेवायला सांगितलेत ना, ते. आधी उकळले, मग जंतुनाशकात घातले, मग ठेवले."

"उकळले? किती?"

"ऑपरेशनच्या कात्र्या उकळतात तेवढे."

जावई बॅगेकडे बघत होता, मग त्यांच्याकडे. त्याचा आवाज एकदम खाली आला. ओरडला असता तर बरं, असं सिस्टरना वाटलं.

"तुम्हाला तो नकोच होता. मी ऐकलंय."

"नको होता," सिस्टर म्हणाल्या. "खरं आहे ते. पण मारायचा नव्हता हो. तुम्ही मला पहिल्यांदा काम सांगितलंत. मला ते चांगलं करून दाखवायचं होतं." त्यांनी खालच्या टाकीकडे बोट दाखवलं. "थिएटरमध्ये असते तर मला जे समजलं ते परत म्हणून दाखवलं असतं. 'बादलीतले स्पंज धुऊन खालच्या टाकीत.' आणि तुम्ही तिथेच ओरडला असतात, की धुऊन नाही! पण या घरात परत म्हणायचं नाही, असं मला सांगितलंय. म्हणून मान हलवली."

जावयाने तोंड उघडलं आणि मिटलं. फौजदारही तेच करत होता.

काचवाल्याला राहवलं नाही. "बाई, तुम्ही स्पंज नाही उकळलेत, त्याचं सगळं बिऱ्हाडच शिजवलंत." मग तो जावयाकडे वळला. "माझ्या दुकानातल्या मोठ्या टाकीचे स्पंज आहेत. कधीचा हात लावलेला नाही, बुळबुळून गेलेत. ते घातले तर आजच फरक पडेल. घेऊन येऊ?"

"मी तुम्हाला नको नको ते बोललो," जावई पुटपुटला.

"बोललात ना? मग आता गप्प बसा आणि निम्मं पाणी काढायला घ्या. सगळं नाही, निम्मं." काचवाला टेम्पोकडे पळाला.

जावयाने पिंप भरून त्यात क्लोरीनचं औषध टाकलं, मग नळी टाकीत सोडली, दुसरं टोक मोरीत. पाणी वाहायला लागलं. सिस्टर तिथेच उभ्या होत्या. जावई जा म्हणत नाही, थांब म्हणत नाही. आता आपणच दाराकडे वळावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो... किती जण आहेत आत?... लहान मूल? दुसरं कुणी नाही का मोकळं?... बरं. बरं, निघतो."

त्याने फोन खिशात घातला. एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा मोरीकडे जाणाऱ्या नळीकडे. बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, काचवाला स्पंज टाकून दुकान उघडायला जाणार होता. घरात उरली होती एकच व्यक्ती. तिच्याकडे बघायला त्याने वेळ लावला.

"आई, लिफ्टमध्ये माणसं अडकलीत. मला जायलाच हवं."

"काय करायचं ते सांगा."

त्याने सांगितलं. घाईने, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवता अडकवता सांगितलं. सिस्टरनी मान हलवली. तो दारापर्यंत गेला, बॅगेला अडखळला, कडीवर हात ठेवला आणि तसाच थांबला. मग परत खोलीत आला.

"मान हलवू नका."

"मग काय करू?"

"थिएटरमध्ये म्हणायचात तसं म्हणा. परत म्हणून दाखवा."

सिस्टरनी पाठ ताठ केली. गुडघे दुखत होते, ते विसरल्या. "पाणी निम्म्यावर आलं की नळी काढायची. औषध घातलेल्या पिंपातलं पाणी तांब्याने, हळूहळू सोडायचं, एकदम ओतायचं नाही. काचवाल्यांचे स्पंज आले की आहेत तसे खालच्या टाकीत."

"न धुता."

"न धुता," सिस्टर म्हणाल्या. "न पिळता, न झटकता, न धुता. खायला काही घालायचं नाही."

"बरोबर," जावई म्हणाला, आणि गेला.

काचवाल्याने आणलेले स्पंज भयंकर होते. उचलल्याबरोबर तपकिरी ओघळ कोपरापर्यंत आला, वासाने डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सिस्टरनी श्वास रोखला, जमिनीवर बसल्या आणि त्या घाणीला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी धरून खालच्या टाकीत ठेवलं. एक थेंबही पुसला नाही. मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या. तांब्या तांब्याने पाणी सोडत होत्या, मधून मधून फौजदाराचे कल्ले बघत होत्या. "श्वास घे रे बाबा," त्या म्हणत होत्या. "माझ्यासाठी नको घेऊस. त्याच्यासाठी घे." दोनदा त्यांना वाटलं, संपलं सगळं. दोन्ही वेळा त्याची एक मिशी हलली.

दुपार कलली. खिडकीतलं ऊन पाण्यातून पलीकडच्या भिंतीवर पडलं होतं, तेव्हा फौजदाराने पाण्याची वरची कड सोडली. सावकाश, जड अंगाने खाली उतरला आणि तळाशी पोट टेकून बसला. सिस्टर खूप वेळ हलल्याच नाहीत. तो पुन्हा वर येईल अशी त्यांना धास्ती होती. तो आला नाही.

संध्याकाळी जावई आला तो बुटांसकट टाकीपाशी. सिस्टरनी ड्यूटी सोपवताना देतात तसा रिपोर्ट दिला: पाणी किती गेलं, किती आलं, पेशंट कधी खाली बसला, स्पंज न धुता. "लिफ्टमधलं मूल?" त्यांनी विचारलं.

"बाहेर काढलं. झोपलं होतं." त्याने काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, उजेडाकडे धरलं. हिरवं होतं, पण सकाळच्यापेक्षा बरंच फिकं. तो खुर्चीत बसला आणि त्याने बूट काढले.

मग उठला. दाराशी जाऊन बॅग उचलली. सिस्टरनी ओळखलं. आता हा म्हणणार, चला, सोडतो तुम्हाला. त्याही पदर सावरून उभ्या राहिल्या. जावई बॅग घेऊन त्यांच्या खोलीत गेला, स्टुलावर चढला, आणि ती कपाटाच्या वर, पार मागे भिंतीपर्यंत सरकवून दिली, जिथे सिस्टरचा हात पोचत नाही.

"आई, चहा टाकता?" तो स्टुलावरूनच म्हणाला.

"चहा," सिस्टर म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.